सिंथेटिक ट्रॅकचा पास काढून नऊ महिने झाले

आमच्या जिल्हा क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक झाला आणि मी न् लेकीनं जूनमध्येच पास काढला. ती सतरा वर्षांखालील गटात 800 मीटर पळते. मी पळते म्हणणं धाडसाचं होईल, पण गुडघे दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी डांबरी रस्ता बंद करायला सांगितला होता. माझे महिन्याला 300 रुपये, तिचे 150. पास घ्यावा की नाही, हे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

ट्रॅक खरोखर उत्तम आहे. 400 मीटर, आठ लेन, प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद. पाय टेकला की जमीन किंचित दबते आणि परत वर ढकलते. मुरमावर पळून आल्यावर रात्री गुडघे बोलायचे, ते इथं महिन्याभरात गप्प झाले. लेकीचं दुखणं वेगळं होतं. मुरमावर वळणात पाय सटकतो, म्हणून वळण आलं की ती आपोआप आवरतं घ्यायची. ती सवय मोडायला दिवाळी उजाडली. स्पाइक्स घेणार असाल तर खिळे 9 मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. दुकानदार 12 चेही देतो, पण ते उंच उडी न् भालाफेकीचे.

पावसाळ्यात तर याला तोड नाही. सर थांबली की अर्ध्या तासात पळता येतं. फक्त एका वळणाला आतल्या कडेच्या गटारीत पालापाचोळा अडकतो. ऑगस्टमध्ये तिथं शेवाळ धरलं, दोघंजण आपटले. लेखी तक्रार दिल्यावर खराटा फिरला. गटारीवरची जाळी साफ व्हायला मात्र गणपती गेले.

पहाटे इथं राज्य भरतीच्या पोरांचं. पोलीस भरतीत मैदानीचे 50 गुण, त्यातले 20 मुलांना 1600 मीटरवर आणि मुलींना 800 वर. म्हणजे मुलांच्या चार फेऱ्या, मुलींच्या दोन. पण हे गणित फक्त पहिल्या लेनचं. एक पोरगा महिनाभर चौथ्या लेनमधून चार फेऱ्या मारून वेळ लावत होता आणि रडकुंडीला आला होता. चौथ्या लेनची एक फेरी 422 मीटरच्या वर भरते. गडी रोज जवळजवळ 90 मीटर जास्तीचे पळत होता. सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला! उलट पहिल्या लेनमधून चपला घालून, तिघी-तिघी हातात हात घालून चालणाऱ्या आमच्या काकू मंडळींना आठवी लेन सुचवली की राग येतो. तिथं फेरीला 453 मीटर पडतात, त्याच पैशात जास्त चालणं. पहिली लेन आताच फिकी पडलीय.

आता कुलपाकडे येते. फलकावर सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसात असं लिहिलंय. मी डायरी ठेवते, त्यानुसार नऊ महिन्यांत 41 दिवस गेट बंद. कधी मेळावा, कधी परीक्षा, कधी कुणाचा तरी सत्कार. सूचना चिकटते त्याच दिवशी सकाळी. एका कार्यक्रमाला स्टेजचा टेम्पो थेट ट्रॅकवर घातला, त्याचा व्रण तिसऱ्या-चौथ्या लेनमध्ये अजून आहे. वॉचमनकाका म्हणाले, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, समितीचा निर्णय. समितीत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी. बैठक कधी, हे कुणालाच ठाऊक नाही. शेवटी साहेबांनीच चहा पाजून हिशेब समजावला. बांधायला सरकारकडून पैसे येतात. झाडलोट, वीज, वॉचमनचा पगार हे पास, गाळ्यांचं भाडं आणि मैदानाचं भाडं यातून काढायचं. दोन संध्याकाळच्या भाड्यात आम्हा सगळ्यांच्या महिन्याभराच्या पासाइतके पैसे सुटतात. हिशेब पटला, राग गेला नाही.

2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, तो तेव्हा मी हौसेनं वाचला. खेळांच्या राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण, त्यात किमान चार महिला, किमान दोन नामवंत खेळाडू. भांडणं सोडवायला न्यायाधिकरण. छान आहे. पण तो महासंघांसाठी. क्रीडा हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत बसतो आणि मैदानाचं कुलूप त्याहून खाली, आमच्या समितीच्या खिशात. तिथं पासधारक एकही नाही. एक जागा द्या, असा अर्ज आम्ही अकरा जणांनी दिलाय. पोच मिळाली.

शालेय जिल्हा स्पर्धा इथंच झाल्या. लेक घरच्या मैदानावर म्हणून निवांत होती. शेवटच्या वळणात एका अनवाणी मुलीनं तिला दोन पावलांनी मागं टाकलं. नंतर कळलं, त्या पोरीनं सिंथेटिक ट्रॅक त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला होता. तिच्या गावी सराव शाळेमागच्या पटांगणात. आमच्या 450 रुपयांचा तोरा तिथंच उतरला. लेक आता वळणावर ढिली पडत नाही, याचं श्रेय ट्रॅकपेक्षा त्या मुलीला जास्त द्यावं लागेल.

बाकी थोडक्यात. प्यायचं पाणी घरून न्या. दिव्यांच्या चार खांबांपैकी दोनच लागतात, त्यामुळे हिवाळ्यात सहानंतर लांबचं वळण अंधारात. महिलांच्या चेंजिंग रूममध्ये हर्डल्स रचून ठेवलेत आणि कडी तुटकी आहे, तेव्हा कपडे घालूनच या. मधल्या मैदानात गोळाफेक चालू असेल तर आतल्या कडेनं जाताना कान उघडे ठेवा, इअरफोन नको. प्रशिक्षक पासात नाही, वेगळे पैसे.

पळण्यासाठी पास घ्याच, चालण्यासाठी नगरपालिकेची बाग पुरते. आणि वॉचमनकाकांचा नंबर घेऊन ठेवा. आदल्या रात्री फोन केला की ते खरं सांगतात, ‘मॅडम, उद्या येऊ नका, मांडव पडतोय.’