सुपर मारिओ पार्टी, सुपरस्टार्स की जंबोरी: समीक्षकांचे गुण आणि तुमची निवड

मारिओ पार्टी म्हणजे पडद्यावरचा सापशिडीसारखा बोर्डचा खेळ: चौघे फासे टाकून घरं चालतात, मिनीगेम्स म्हणजे छोटे खेळ खेळून नाणी मिळवतात, नाण्यांनी तारे विकत घेतात, आणि जास्त तारे असलेला जिंकतो. निन्टेंडो स्विच या गेमिंग यंत्रावर या मालिकेतले तीन मुख्य खेळ आहेत. २०१८ चा ‘सुपर मारिओ पार्टी’, २०२१ चा ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’ आणि २०२४ चा ‘सुपर मारिओ पार्टी जंबोरी’. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्यांचे गुण शंभरपैकी अनुक्रमे ७६, ८० आणि ८२. एवढं पाहून जंबोरी घेऊन टाकला तर बहुतेकांचं बरोबरच ठरेल, पण सगळ्यांचं नाही. या गुणांमागच्या तक्रारी निरनिराळ्या आहेत. एखादी तक्रार तुम्हाला शिवणारही नाही आणि एखाद्या तक्रारीपायी अख्खा खेळ कपाटात पडून राहील.

परीक्षणं क्रमाने वाचली की दिसतं, प्रत्येक नवा भाग आधीच्या भागावरच्या टीकेला उत्तर म्हणून आला आहे. वी आणि वी यू ही निन्टेंडोची स्विचआधीची यंत्रं. वी-वरचा नववा भाग (२०१२) आणि वी यू-वरचा दहावा (२०१५) यांत चौघेही खेळाडू एकाच गाडीत बसून बोर्डवर फिरायचे. वाट आपण निवडायची, डाव आपण आखायचा, ही मजाच त्यातून गेली होती. २०१८ च्या भागाने ती गाडी काढून टाकली आणि प्रत्येकाला पुन्हा आपापल्या पायांवर चालवलं. त्या वेळच्या कौतुकात ‘सुटलो एकदाचे’ ही भावना मोठी होती, हे लक्षात ठेवून ते ७६ वाचावेत.

२०१८ चा भाग: फासे भारी, बोर्ड तोकडे

यातली सगळ्यात चांगली कल्पना म्हणजे प्रत्येक पात्राचा वेगळा फासा. साधा फासा १ ते ६ चा. वारिओच्या फाशावर चार बाजूंना ६ आणि उरलेल्या दोन बाजूंना दोन-दोन नाण्यांचं नुकसान. डाँकी काँगच्या फाशावर तीन शून्यं, दोन १० आणि एका बाजूला पाच नाणी. तारा बरोबर सहा घरांवर असेल तर वारिओवाला आपला फासा टाकतो आणि सहापैकी चार वेळा तिथे पोचतो. साध्या फाशाला ही संधी सहात एकदाच. दर खेपेला कुठला फासा टाकायचा हा खराखुरा निर्णय असतो आणि पुढच्या दोन्ही भागांत तो नाही. मला ही उणीव आजही खटकते.

दुखणं बोर्डांचं आहे. बोर्ड चारच, त्यातला एक सुरुवातीला बंद. आकारही लहान, आणि तारा फक्त १० नाण्यांना मिळतो. नाणी साठवायची चिंताच उरत नाही, त्यामुळे कुठलाच तारा फार मोलाचा वाटत नाही. शिवाय वाटेत सोबती मिळतात. ते दर फेरीला १ किंवा २ घरांची भर घालतात. एखाद्याने सुरुवातीलाच दोन-तीन सोबती गोळा केले की बाकीच्यांना त्याला गाठणं कठीण जातं.

दुसरी मोठी तक्रार कंट्रोलरची. प्रत्येक खेळाडूला एक सुटा जॉय-कॉन, म्हणजे स्विचच्या कडेचा काढता येणारा छोटा कंट्रोलर लागतो. प्रो कंट्रोलर (वेगळा मिळणारा मोठा कंट्रोलर) चालत नाही, स्विच हातात धरून खेळायची सोय नाही. चौघांसाठी जॉय-कॉनच्या दोन जोड्या हव्यातच. स्विच लाइट (कंट्रोलर न निघणारा, फक्त हातात धरायचा छोटा स्विच) असेल तर जॉय-कॉन वेगळे घ्या, ते चार्ज करायची सोय करा, पडदा उभा करायला स्टँड शोधा, एवढा खटाटोप आहे.

२०१८ ची परीक्षणं वाचताना एक गोष्ट मात्र वजा करा. तेव्हा ऑनलाइन फक्त मिनीगेम्स खेळता यायचे आणि त्यावर सडकून टीका झाली. एप्रिल २०२१ च्या मोफत अपडेटने बोर्ड आणि पार्टनर पार्टी हे दोन्ही ऑनलाइन आले. ती टीका आता लागू नाही. पार्टनर पार्टी हा दोघाविरुद्ध दोघांचा प्रकार तर आवर्जून खेळावा असा आहे. घरं चौकटीत मांडलेली असतात, कुठल्याही दिशेने जाता येतं आणि जोडीच्या फाशांची बेरीज दोघांनाही वापरायला मिळते. चौघांनी मिळून होडी वल्हवायचा रिव्हर सर्व्हायव्हल हा प्रकारही लहान मुलांसोबत छान जमतो, कारण त्यात हरलेल्याचे डोळे भरून येत नाहीत.

सुपरस्टार्स: बटणांचा खेळ

सुपरस्टार्सने आधीच्या भागाचा जवळजवळ प्रत्येक दोष दुरुस्त केला आणि त्यासाठी जुना खजिना उघडला. निन्टेंडो ६४ या जुन्या यंत्राच्या काळातले पाच बोर्ड आणि मालिकेतून निवडलेले १०० मिनीगेम्स. तारा पुन्हा २० नाण्यांचा, फासा १ ते १० चा. सगळं बटणांवर आणि स्टिकवर चालतं, त्यामुळे प्रो कंट्रोलर, हातातला स्विच, स्विच लाइट, काहीही चालतं. ऑनलाइन पहिल्या दिवसापासून आहे. मध्येच कुणी बाहेर पडलं तर त्याची जागा कॉम्प्युटर घेतो. अर्धवट डाव जपून ठेवून पुढे चालू करता येतो.

समीक्षकांनी मिनीगेम्सच्या निवडीची मनापासून तारीफ केली. हात राखला तो दोन कारणांनी: बोर्ड पाचच, आणि नवीन जवळपास काही नाही. पाचांतले काही बोर्ड मात्र आजही दणदणीत आहेत. स्पेस लँडमध्ये काउंटडाउन शून्यावर आलं की खलनायक बाउझरची किरणं मधल्या वाटेवरच्या खेळाडूंची सगळी नाणी हिरावतात. म्हणून आकडा दोन-तीनवर आला की तिथून निसटायचं, किंवा दुसऱ्याला तिथे अडकवायचं. हॉरर लँडमध्ये दिवस-रात्र बदलते आणि वाटाही बदलतात.

एक सावधगिरी. स्टिक गरागरा फिरवायचे काही जुने मिनीगेम्स इथे परत आले आहेत, रस्सीखेच त्यातलाच. पहिल्या मारिओ पार्टीत असे खेळ तळहाताने खेळून मुलांचे हात सोलवटले होते आणि अमेरिकेत निन्टेंडोला हातमोजे द्यावे लागले होते. सुपरस्टार्स खेळाआधीच बजावतो की तळहात वापरू नका. अंगठ्यानेच फिरवा. तळहाताने हात तर दुखतोच, स्टिकही लवकर झिजते.

जंबोरी: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात संथ

सात बोर्ड, त्यातले पाच नवे आणि दोन जुने (वेस्टर्न लँड आणि मारिओज रेनबो कॅसल). ११० हून अधिक मिनीगेम्स, २२ पात्रं. बोर्डांची संख्या ही स्विचवरच्या दोन्ही आधीच्या भागांवरची सामाईक तक्रार होती. ती इथे मिटली. नव्या बोर्डांना स्वतःचं डोकंही आहे. रेनबो गॅलेरिया हा मॉल आहे, तिथे अचानक सेल लागतो आणि सगळ्यांचे बेत बदलतात.

सोबतीही परतले, पण सुधारून. आता सोबती बोर्डवर एका जागी प्रकटतो, त्याच्यासाठी चौघांचा खास सामना होतो, आणि जिंकणाऱ्याकडे तो तीनच फेऱ्या राहतो. तेवढ्यात दुसरा कुणी शेजारून गेला तर सोबती त्याच्याकडे जातो. सोबती असताना सगळं दुप्पट: निळ्या घरावरचा नाण्यांचा लाभ, लाल घरावरचा नाण्यांचा तोटा, आणि एकाच वेळी दोन तारे विकत घ्यायची संधी. म्हणजे सोबती मिळण्याआधी हाताशी ४० नाणी हवीत. नवखे खेळाडू इथेच चुकतात. धावत जाऊन सोबती जिंकतात आणि ताऱ्यापाशी २५ नाण्यांनिशी उभे राहतात. सोबती म्हणून पीच मिळाली तर अपवाद, कारण ती ताऱ्याची किंमत निम्मी करते.

मालिकेवरचा जुना आक्षेप असा, की खेळावं कितीही चांगलं, शेवटी नशीब बाजी मारतं. प्रो रूल्स हे त्याला उत्तर आहे. डाव संपताना मिळणारा बोनस तारा कशासाठी मिळणार ते सुरुवातीलाच जाहीर होतं, पहिली वस्तू आपण निवडतो, मिनीगेम मतदानाने ठरतो, लपलेले ठोकळे नसतात. मोठ्यांच्या गटाने याच नियमांनी खेळावं. लहान मुलं असतील तर नेहमीचे नियमच ठेवा, कारण शेवटच्या फेरीत उलटापालट होण्याची आशा त्यांना खुर्चीत बसवून ठेवते.

टीका झाली ती वेगावर आणि बोर्डाबाहेरच्या जादा प्रकारांवर. सोबत्यांचे सामने लांबलचक आहेत. १० फेऱ्यांचा डाव तासभर सहज खातो, २० चा त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा १० च ठेवा. हात हलवून खेळायचे जादा प्रकार चटकन जुने होतात आणि त्यांना जॉय-कॉन लागतातच. बोर्डवर खेळताना मात्र तसे मिनीगेम्स वगळता येतात. ऑनलाइन २० जणांची कूपाथलॉन शर्यत रंगते, पण त्यासाठी ऑनलाइन सदस्यत्व हवं. काही बोर्ड सुरुवातीला बंद असतात, तेव्हा पाहुणे यायच्या आधी स्वतः खेळून ते उघडून ठेवा.

मग घ्यायचा कुठला

एकच खेळ घ्यायचा आणि वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर काढायचा, तर जंबोरी. स्विच लाइट आहे, घरात एकदोन प्रो कंट्रोलर आहेत, किंवा आजी-आजोबांना कंट्रोलर हलवायला सांगायचं नाही, तर सुपरस्टार्स. त्याचे डावही आटोपशीर असतात. सुपर मारिओ पार्टीच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत, पण आज तो पहिला खेळ म्हणून सुचवणार नाही. जॉय-कॉनच्या दोन जोड्या आधीच घरात असतील आणि पार्टनर पार्टी खुणावत असेल, तरच घ्यावा.

स्विच २ या पुढच्या यंत्रासाठी जुलै २०२५ मध्ये जंबोरी टीव्ही हा वाढीव भाग आला. माउससारखा फिरवायचा कंट्रोलर, माइक आणि कॅमेरा यांवरचे नवे खेळ त्यात आहेत, शिवाय पाच फेऱ्यांत संपणारे फ्रेंझी नियम, जे वेळ कमी असताना फार उपयोगी पडतात. समीक्षकांची नाराजी अशी की एवढं करून नवा बोर्ड एकही दिला नाही, आणि नवं सगळं मूळ खेळात न मिसळता वेगळ्या मेनूत ठेवलं. स्विच २ असला तरी आधी साधा जंबोरी घ्या. जंबोरी टीव्हीचा अपग्रेड पॅक नंतर स्वतंत्र विकत घेता येतो.