पुणे–पाचगणी स्पोर्ट्स कार सहल: रस्ता पाहिला, फाटक राहिले

डिसेंबर 2023 मधल्या एका रविवारी पुण्यातल्या एका आयोजकाच्या पुणे–पाचगणी सहलीत मी माझी बीएमडब्ल्यू झेड-4 घेऊन सहभागी झालो होतो. न्याहारीसह गाडीमागे साडेतीन हजार रुपये घेऊन सतरा बुटक्या गाड्यांचा ताफा शंभरेक किलोमीटर सुखरूप नेणे हे वाटते तितके सोपे नाही, आणि रस्त्यापुरते बोलायचे तर या मंडळींनी ते काम चोख केले.

त्यांचा खरा गृहपाठ गतिरोधकांचा होता. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यानंतर कोणता गतिरोधक सरळ ओलांडता येईल आणि कोणत्यावर गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवावे लागेल, याची यादी आदल्या दिवशीच हाती आली होती. वॉकीटॉकीवर "उंच आहे, तिरकी घ्या" असे ऐकू आले की मागच्या साऱ्या गाड्या निमूट तिरक्या होत. अशा गाड्यांच्या इंजिनांना लागणारे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल वाटेत मिळेलच असे नाही, म्हणून टाक्या पुण्यातच भरून घ्यायला सांगितले होते, आणि महामार्गावरची वेगमर्यादा मोडणाऱ्याला परत पाठवले जाईल, असे लेखी बजावले होते. त्यावर काहींनी कुरकुर केली. 340 अश्वशक्तीची गाडी असूनही मला ती अट पटली. या गाडीचे कापडी छत ताशी 50 च्या आत चालत्या गाडीतही दहा सेकंदांत उघडते, त्यामुळे पसरणी घाटात कोवळे ऊन अंगावर घेत चढण्याची मजा वेगाशिवायही पुरेपूर मिळाली.

मात्र छायाचित्रांसाठी घाटातल्या वळणावरच ताफा उभा करणे अक्षम्य होते. मागे अडकलेल्या एसटीच्या चालकाने जे सुनावले, त्यातला एकही शब्द अनाठायी नव्हता.

त्याहून मोठी फजिती पाचगणीत झाली. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा तपासणाऱ्यांनी न्याहारीच्या हॉटेलचे फाटक पाहिलेच नव्हते. तिथला चढ इतका उभा होता की पहिल्याच गाडीचा पुढचा बंपर करकरत घासला, आणि बाकीच्या गाड्या चाकांखाली फळ्या सरकवत आत घेईपर्यंत पाऊण तास गेला. मिसळ तोवर गार झाली होती. आयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली, बंपरच्या खर्चाविषयी मात्र चकार शब्द काढला नाही.