उभ्या गाडीसाठी बॅटरी मेन्टेनर: पावसाळ्यापासूनचा अनुभव

मी डोंबिवलीहून लोकलने कामाला जातो, त्यामुळे गाडी सोसायटीत आठवडेच्या आठवडे उभी असते. पावसाळ्यात तर महिनाभर हलत नाही. मग सेल्फ मारला की नुसती टकटक आणि शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर १ अँपिअरचा स्मार्ट चार्जर घेतला. उभ्या गाडीच्या बॅटरीला कायम लावून ठेवायच्या अशा चार्जरलाच मेन्टेनर म्हणतात.

तो लावण्याआधी गाडी उभ्या उभ्या किती करंट खाते ते मोजलं, आणि तुम्हीही आधी हेच करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टर्मिनल आणि वायरच्या मधे मल्टीमीटर (करंट, व्होल्ट मोजायचा मीटर) १० अँपिअरच्या रेंजवर जोडायचा, दरवाजे बंद करून गाडी लॉक करायची आणि अर्धा तास थांबायचं. सगळे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपायला तेवढा वेळ लागतो; लगेच दिसणारा आकडा खरा नसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका.

माझ्या गाडीचं रीडिंग ३० मिलीअँपिअर आलं. साधारण ५० पर्यंत ठीक मानतात, म्हणजे गाडीत दोष नाही. तरी ३० दिवसांचे जवळपास २२ अँपिअर-तास होतात आणि माझी बॅटरी ३५ची! डॅशकॅमचा पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवणारा) चालू केला तर हाच आकडा २७० वर गेला. तेवढ्या करंटने तीन दिवसांत बॅटरी अर्ध्याखाली येते. तो मोड मी कायमचा बंद केला. निम्मा फायदा त्यानेच झाला असं माझं मत आहे.

बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. मेन्टेनर हेच टाळतो. बॅटरी भरली की तो साधारण १३.६ व्होल्टवर येऊन जेमतेम लागेल तेवढाच करंट देतो. आधी उभ्या गाडीत १२.१ दिसायचे, आता प्लग काढून रात्रभर ठेवल्यावरही १२.७ दिसतात. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, अगदी जानेवारीच्या पहाटेही.

न आवडलेली गोष्ट म्हणजे लाइट जाऊन आली की हा आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. आमच्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. घेताना हे विचारून घ्याच. सोबतचे चिमटेही ढिले आहेत. मी फ्यूजवाली रिंगची वायर टर्मिनलला कायमची कसून टाकली. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाड्यांमध्ये मात्र तिचं निगेटिव्ह टोक बॉडीच्या अर्थ पॉइंटला जोडायची. कमिटीला विजेची काळजी होती, पण पूर्ण करंट देतानाही हा वीसेक वॉटच घेतो.

आठवड्यातून दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. आयडलिंगवर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) करंट कमी देतो आणि उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. त्यापेक्षा कल्याण-शीळ रोडला मोठी चक्कर मारा.

पार्किंगमध्ये प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर बसणारा फिरकीचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी गाडीपासून तोडणारा स्विच, स्वस्त पडतो. त्याने घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, अलार्म बंद पडतो, रिमोट चालत नाही. म्हणून चावीने दरवाजा उघडतो का, ते आधी बघून ठेवा.