ईव्ही सिम्युलेशनमधली बॅटरी: जमाखर्च, सर्किट की रसायन?

बॅटरीचं मॉडेल करायचे ढोबळ तीन मार्ग आहेत: ऊर्जेचा नुसता जमाखर्च, रेझिस्टर-कपॅसिटरचं समतुल्य सर्किट, आणि थेट सेलच्या रसायनात उतरणारं मॉडेल. पुष्कळ विद्यार्थी हौसेने तिसरा धरतात आणि पॅरामीटर गोळा करता करता सेमिस्टर संपतं.

जमाखर्चाला उगाच नावं ठेवली जातात. करंट मोजत गेलं की एसओसी (बॅटरी किती टक्के भरली आहे तो आकडा) हळूहळू चुकत जातो, हा आक्षेप खऱ्या गाडीत बरोबर आहे. सेन्सर अर्धा अँपिअर चुकला तर १० तासांत ५ अँपिअर-तासांची तफावत पडते. पण सिम्युलेशनमध्ये सेन्सर आहेच कुठे? खरं दुखणं वेगळंच आहे. ४० किलोवॉट-तासांचा पॅक ५० किलोवॉटच्या चार्जरला लावा. २० ते ८० टक्क्यांना २४ किलोवॉट-तास, म्हणजे साधारण २९ मिनिटं, इथवर ठीक. उरलेले २० टक्के मात्र जमाखर्च दहा मिनिटांत भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचा लिथियम-आयन) सेल ४.२ व्होल्टला टेकला की व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरवत न्यावा लागतो, त्यात अर्धा तासही सहज जातो.

उतारावरही तेच. लोणावळ्याहून खोपोलीला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरते. दीड टनाच्या गाडीची तेवढ्यात सव्वादोन किलोवॉट-तास स्थितिज ऊर्जा सुटते. टायर आणि हवा त्यातला बराच वाटा खातात, तरी उरतं ते थोडंथोडकं नाही. बॅटरी लोणावळ्यातच फुल्ल असेल तर खरी गाडी रीजन (मोटरने वेग रोखून बॅटरी भरणं) कमी करून ब्रेकवर भार टाकते. भोळं मॉडेल ९८ टक्क्यांवरही मिळेल तेवढं घेत राहतं.

दोन्हीवर इलाज एकच: एसओसी आणि तापमानानुसार बॅटरी जास्तीत जास्त किती पॉवर घेईल याचा तक्ता जोडा. बसचं वेळापत्रक, स्टेशनवरची रांग, ग्रिडवरचा भार अशा कामांत बहुतेकांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे.

एकाच गाडीचा नीट अभ्यास करायचा असेल, किंवा बीएमएसचं (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचं) लॉजिक तपासायचं असेल, तर सर्किट घ्या. चार्ज करताना १ मिलीओहमच्या सेलमध्ये १०० अँपिअर सोडले की टर्मिनल व्होल्टेज ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा (करंट नसतानाच्या व्होल्टेजपेक्षा) ०.१ व्होल्टने वर चढतं. करंट जितका जास्त, तितकी ४.२ची मर्यादा लवकर येते आणि शेवटची मंद चार्जिंग तक्त्याविना आपोआप दिसते. सुरुवातीला एकच आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडी पुरे. करंटच्या पल्सनंतर व्होल्टेज स्थिरावायला बराच वेळ लागताना दिसला, तर दुसरी जोडा. एलएफपीसाठी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीसाठी) मात्र एनएमसीचे आकडे उचलू नका: तिचा एसओसीनुसार व्होल्टेजचा वक्र मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट असतो, शिवाय चार्ज आणि डिस्चार्जचे वक्र एकमेकांवर बसत नाहीत.

राहिलं रसायन. डॉयल, फुलर आणि न्यूमन यांचं १९९३चं मॉडेल आज पायबॅम या बॅटरी मॉडेलिंगच्या लायब्ररीत पायथनच्या चार ओळींत चालतं. एलजीच्या एम५० सेलचे पॅरामीटरही तयार मिळतात. फक्त तुमच्या गाडीत बहुधा तो सेल नसतो. फास्ट चार्जिंगमध्ये ॲनोडवर धातूरूप लिथियम साचायची वेळ येते का, हा प्रश्न असेल तर सर्किट काही कामाचं नाही, इथेच यावं लागतं. नुसती रेंज काढायची असेल तर हे उघडूही नका.