गीझर तापेपर्यंत: दौऱ्यावर रबरी ट्यूब वापरल्याचे नऊ महिने

मी बँकेच्या तपासणी विभागात आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस मुक्काम बाहेरच असतो. आज सोलापूर, पुढच्या खेपेला नांदेड, मग नागपूर नाहीतर कोल्हापूर. वय ४६. गेल्या दिवाळीच्या आसपास उजवा खांदा आखडला, केसांना क्लचर लावायला हात मागे जाईना. त्याच सुमारास रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ६.१ टक्के निघाला. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तो पट्टा ५.७ ते ६.४ असा धरतात. फिजिओथेरपिस्टने खांद्यासाठी एक हलकी पिवळी, ताणून व्यायाम करायची रबरी ट्यूब हातात दिली आणि म्हणाली, "ताई, दौऱ्यावर हीच घेऊन जा. जिमचं मनातून काढून टाका."

खांदा तीन महिन्यांत सुटला. ट्यूब मात्र सुटली नाही. पाच ट्यूब, दोन हँडल, पायाला बांधायचे दोन पट्टे, दारात अडकवायचा एक पट्टा आणि कापडी पिशवी असा संच मी ११५० रुपयांना मागवला. पिशवीसकट वजन किलोभर. नऊ महिने तो प्रत्येक दौऱ्यावर सोबत आहे. त्याबद्दल विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. दौऱ्यावर व्यायाम होत नाही तो वेळ नसतो म्हणून नाही, वेळ कुठला ते ठरत नाही म्हणून. घरी माझा फिरण्याचा रस्ता ठरलेला आहे. परगावी पहाटे सव्वापाचला अनोळखी रस्त्यावर एकटीने, कुत्र्यांच्या टोळीतून चालायची माझी हिंमत होत नाही, आणि संध्याकाळी शाखेतून निघेपर्यंत साडेसात-आठ वाजतात. पहिल्या दोन दौऱ्यांत पिशवी उघडलीसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी सोलापूरला सकाळी गीझरचं बटण दाबून पलंगावर मोबाइल बघत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की रोजची हीच पंधरा-वीस मिनिटं फुकट जातात. पंधरा लिटरच्या गीझरला तेवढा वेळ लागतोच. तेव्हापासून नियम एकच: गीझरचं बटण दाबलं की ट्यूब हातात, त्याचा लाल दिवा गेला की बंद. अंगावर रात्रीचाच गाऊन, पायात काही नाही. तीन लिटरचा छोटा गीझर असेल तर बादली भरेपर्यंत. सोलरचं पाणी असेल तर मात्र पंचाईत. नळ सोडायचा, गार पाणी वाहत राहायचं आणि त्याचा आवाज ऐकत उठाबशा काढायच्या, ते मनाला पटत नाही. मराठवाड्यात तर नाहीच.

आता वस्तूबद्दल. डंबेल उचलताना पहिल्यापासून शेवटपर्यंत वजन तेच असतं. रबर जसं ताणावं तसं जड होत जातं. सुरुवातीला हात हवेत हलवल्यासारखं वाटतं आणि शेवटच्या वीतभर अंतरात थरथर सुटते. त्यामुळे ट्यूबवर छापलेले पौंडाचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. एक पाऊल मागे सरकलं की तीच ट्यूब वेगळी होते. मी लाद्या मोजते. लॉजच्या खोलीत बहुतेक दोन फुटी लाद्या असतात. दारापासून तिसऱ्या लादीवर उभी राहिले तर पंधरा वेळा ओढता येतं, चौथीवर जेमतेम नऊ. माझी प्रगती अशी लादीत आहे. पाठीसाठी ओढणं, छातीसाठी ढकलणं, ट्यूब पायाखाली दाबून उठाबशा आणि खांद्याचे जुने दोन प्रकार, एवढंच करते. सोबत आलेल्या तक्त्यावर ३० चित्रं आहेत. त्यातली निम्मी कोण करत असेल देव जाणे.

खरी गोष्ट आहे दाराची, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात नीट लिहिलेली नसते. पट्ट्याच्या टोकाला एक फोमचा गठ्ठा असतो. तो दाराच्या पलीकडे ठेवून दार लावायचं, मग फटीतून अलीकडे आलेल्या फासात ट्यूब अडकवायची. खोलीचं मुख्य दार आत उघडतं. म्हणजे तुम्ही आत उभं राहून ओढता तेव्हा दार उघडण्याच्याच दिशेने ओढत असता, आणि सगळा भार कडीवर येतो. लॉजच्या कड्या कशा असतात ते सांगायला नको. त्यामुळे बाथरूमचं दार वापरायचं. ते आतल्या बाजूला उघडतं, आपण बाहेर खोलीत उभे असतो, ओढलं की दार उलट चौकटीवर घट्ट बसतं. शिवाय पट्टा बिजागरीच्या बाजूला अडकवायचा, कडीच्या बाजूला नाही. हे सगळं पाठ करून मी स्वतःवर खूश होते. आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाथरूमला फायबरचं दार निघालं.

ते आधी नुसतं वाकलं. मला वाटलं, फायबर आहे, वाकणारच. अकराव्या वेळी वरच्या बिजागरीचे दोन्ही स्क्रू सुटले, दार तिरकं होऊन लटकलं आणि मी पलंगावर बसले. आवाज ऐकून खालचा पोरगा धावत आला.

"मॅडम, पडलात का?"

"मी नाही रे, दार पडलं."

त्याने दाराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हँडलकडे पाहिलं आणि काही न विचारता स्क्रू ड्रायव्हर आणायला गेला. मालकाने ३०० रुपये लावले. ते प्रवासभत्त्याच्या बिलात कुठल्या रकान्यात घालायचे हे अजून सुचलेलं नाही. तेव्हापासून फायबरचं दार दिसलं की पट्टा बाहेर काढत नाही. खिडकीचे गज वापरते, पण गजाला आधी नॅपकिन गुंडाळून. गंजलेल्या कडेवर रबर घासलं की चीर पडते. पलंगाचा पाय चालतो, पलंग लोखंडी आणि जड असेल तर.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मे महिन्यात निळी ट्यूब हँडलच्या हुकापाशी फटकन तुटली आणि हातावर वळ उठला, चार दिवस राहिला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला असं मी म्हणते, घरचे म्हणतात नशीब. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की वॉरंटी तीनच महिन्यांची. यात थोडी चूक माझीही. त्या आठवड्यात अकोल्याला पिशवी दिवसभर गाडीच्या डिकीत राहिली होती. नैसर्गिक रबराला ऊन आणि उष्णता सोसत नाही, ते सुकतं आणि बारीक भेगा पडतात. आता आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्यूब थोडी ताणून उजेडात टोकापाशी बघते. भेग दिसली की सरळ कचऱ्यात. मुक्काम संपताना थोडी टाल्कम पावडर चोळून ठेवली की चिकटत नाही. आणि ज्यांना रबरी हातमोज्यांनी खाज सुटते त्यांनी हा संच घेऊच नये, रबर नसलेले प्रकारही मिळतात. तुटलेल्या ट्यूबच्या जागी सुटी एक २६० रुपयांना मिळाली.

ट्यूबने चालणं भरून निघत नाही, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असं आहे. ट्यूबने दुसरा भाग होतो. पहिल्यासाठी चालावंच लागतं. कोल्हापूरला प्रश्न नाही, रंकाळ्यावर सकाळी एवढी माणसं असतात की एकटं वाटत नाही. नागपूरला फुटाळ्यावर संध्याकाळी गेले, पण तिथे भाजलेल्या कणसाचा वास चालू देत नाही. बाकी गावांत शाखेपर्यंत पायी जाते आणि येताना रिक्षा करत नाही, एवढंच.

प्रवासात बसण्याचंही बघावं लागतं. सलग चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं याच संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. आणि ते फक्त विमानाचं नाही, बस, गाडी, रेल्वे सगळ्यांचं. एकूण धोका लहानच, पण एसटीतून उतरल्यावर चपलेचा पट्टा रुतलेला दिसतो तेव्हा तो आकडा आठवतो. म्हणून दर अर्ध्या तासाने पंजे वर-खाली करते, आणि बस थांबली की उतरतेच, चहा घ्यायचा नसला तरी.

चहा! तपासणीला आलेल्या माणसाला शाखेत दिवसाला सहा चहा मिळतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, बरोबर समोसा. बिनसाखरेचा मागितला की आख्खी शाखा हळहळते, "मॅडम, शुगर आहे का?" मी आता हो म्हणते. खोटं नाही, उंबरठ्यावर आहेच. रात्री खाणावळीत भात नको, भाकरी जास्त आणि ताक. सोलापूरला गेले की ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेते, पुढचा आठवडा रात्री उशीर झाला तरी बिस्किटांवर वेळ येत नाही. नागपूरचे तर्री-पोहे मात्र सोडलेले नाहीत आणि सोडणारही नाही.

फरक किती? वजन ७१ वरून ६९.५. नऊ महिन्यांत दीड किलो, कुणाला सांगावं असं नाही. साखरेचा आकडा ५.८ आला, त्यात ट्यूबचा वाटा किती आणि चहाचा किती ते मला वेगळं करता येणार नाही. खांदा पूर्ण वर जातो. रेल्वेत बॅग वरच्या बर्थवर स्वतः टाकते, आधी कुणाला तरी "दादा, जरा..." म्हणावं लागायचं. हा फरक मात्र ट्यूबचाच.

घ्यायचा असेल तर पाचचा संच घ्या, पण हुकाची शिवण बघून घ्या. सगळं तिथेच तुटतं. हँडलवर सॅनिटायझर मारू नका, फोम चिकट होतो. तांबडी, सगळ्यात जड ट्यूब मी नऊ महिन्यांत दोनदा वापरली, ती आता घरीच असते.

सोमवारपासून नऊ दिवस नांदेडला आहे. लॉजला फोन करून विचारलं, बाथरूमचं दार लाकडी आहे का. तो म्हणाला, "मॅडम, कमोड आहे, काळजी करू नका." म्हटलं, कमोड असू द्या, दार कशाचं आहे? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बघून सांगतो." अजून फोन आलेला नाही.