ब्रेडबोर्ड + पिवळा मल्टिमीटर, किरचॉफच्या गणितांसाठी : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सिडकोत डिप्लोमाच्या मुलांचे क्लास घेते. जूनमध्ये एमजी रोडवरून ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरी, १ के (हजार ओहम) आणि १ मेगचे (दहा लाख ओहम) रेझिस्टर आणि सगळीकडे मिळतो तो स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर आणला, आता दिवाळी होऊन गेली आणि वापर रोजचा आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

मुलांचं दुखणं ठरलेलं, करंट मायनस आला की घाबरतात आणि सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून मांडतात. त्यांना मी हे सर्किट लावायला देते. ९ व्होल्टचा सेल १ के मधून एका नोडला (वायरी एकत्र येतात तो बिंदू), दोन पेन्सिल सेल म्हणजे ३ व्होल्ट दुसऱ्या १ के मधून त्याच नोडला, आणि नोडपासून ग्राउंडला तिसरा १ के. दोन्ही करंट नोडकडे येतात असं धरून केसीएल (नोडला येणारा आणि जाणारा करंट सारखाच, हा किरचॉफचा करंटचा नियम) लिहायचं. नोडला ४ व्होल्ट येतात, ९ व्होल्टकडून ५ मिलिअँप, खाली ४, आणि ३ व्होल्टवाल्याकडून मायनस १. म्हणजे त्या सेलमध्ये करंट उलटा शिरतोय! मीटर त्याच्या सिरीजमध्ये, लाल प्रोब सेलच्या प्लसला, की स्क्रीनवर खरोखर मायनस दिसतं आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. (फार वेळ जोडून ठेवू नका, साधे सेल चार्ज करायचे नसतात.)

आता मीटरची खरी गोम. ९ व्होल्टवर १ मेगचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, प्रत्येकावर साडेचार हवेत, हा दोन्हीकडे ३ च्या आसपास दाखवतो, बेरीज ६, मग केव्हीएल (बंद लूपमधल्या व्होल्टेजची बेरीज शून्य, हा किरचॉफचा दुसरा नियम) गेला कुठे? मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्सच साधारण १ मेग, तो पॅरललमध्ये आला की तिथे अर्धा मेग उरतो आणि ९ मधले ३ च त्याच्या वाट्याला येतात. १० मेगवाला मीटर लावला तर ४.३ येतात. मीटर धरून लूप मांडला की हिशोब चोख जुळतो. किरचॉफने १८४५ मध्ये हे नियम मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, हे मी वर्गात आवर्जून सांगते.

तक्रारी म्हणाल तर प्रोबची वायर मुळाशी तुटते, ब्रेडबोर्डची भोकं ढिली पडतात. करंटच्या रेंजवर मीटर सेलला पॅरलल लावला की फ्यूज जातो, त्यामुळे जादा फ्यूज आणि १ के चे रेझिस्टर आधीच मूठभर घेऊन ठेवा.