वनस्पती ऊतींच्या पर्मनंट स्लाइड्सचा संच: भोपळ्यासाठी जरूर घ्या

नववीच्या ऊतींच्या (एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहांच्या) धड्यासाठी आमच्या शाळेने अंबाल्याच्या एका उत्पादकाचा २५ स्लाइड्सचा संच मागवला. लाकडी पेटी मजबूत, चिठ्ठ्या नीट चिकटवलेल्या.

भोपळ्याच्या खोडाचा आडवा छेद ही या पेटीतली सर्वांत उत्तम स्लाइड. छेद पातळ, अखंड आणि रंग चोख: सॅफ्रॅनिनने लिग्निनच्या (पेशीभित्तिका कडक करणाऱ्या द्रव्याच्या) भिंती लाल, फास्ट ग्रीनने सेल्युलोजच्या हिरव्या. बाहेरून आत सरकत जा. कंगोऱ्यांत, अपित्वचेखालीच स्थूलकोन ऊती दिसतात, कोपरे जाड झालेल्या हिरव्या पेशी. त्या जिवंत असतात, म्हणून कोवळा वेल वाकतो पण मोडत नाही. आणखी आत दृढ ऊतींचं लाल कडं. या पेशी मेलेल्या. भिंती कडक, काम आधाराचं. (नारळाचा काथ्या म्हणजे असेच तंतू, हे मुलांना सांगाच.) जलवाहिन्या तर इतक्या रुंद, की काच उजेडात धरली तरी भोकं दिसतात. त्यांच्यातलं जीवद्रव्य नाहीसं होतं, तेव्हाच पाण्याला मोकळी वाट मिळते.

भोपळ्यात रसवाहिन्या, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या ऊती, जलवाहिन्यांच्या बाहेरही असतात आणि आतल्या बाजूलाही. ४५ पटीच्या भिंगाखाली चालनी नलिकेची, म्हणजे रसवाहिनीतल्या अन्न वाहणाऱ्या नळीची, चाळण स्पष्ट दिसते. एक मुलगी तर तिथून उठेचना. "बाई, खरंच भोकं आहेत!" पूर्ण वाढलेल्या चालनी नलिकेत केंद्रक नसतं, तिचा कारभार शेजारची सहपेशी पाहते. हे मी दर वर्षी फळ्यावर काढत होते. या वर्षी वर्गाने ते पाहिलं.

मक्याचं खोडही छान आहे, विखुरलेले वाहिनी पुंज (जलवाहिन्या-रसवाहिन्यांचे गट) लगेच ओळखू येतात.

कांद्याच्या मुळाच्या टोकाने निराशा केली. छेद जाड, पेशी एकमेकींवर चढलेल्या. विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशी, दाखवायची, तर पेशी विभाजनाची एकही अवस्था धड दिसत नाही. पर्णरंध्रांची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची, स्लाइड नुसती लाल. छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींमधली हरितलवकंच (हिरवे कण) दिसणार नसतील, तर त्या शेजारच्या पेशींपेक्षा वेगळ्या कशा, हे मुलांना कळणार कसं?

त्यासाठी कुंडीतल्या ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान घ्या आणि खालची जांभळी साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवा. जांभळ्या पेशींमध्ये हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या उठून दिसतात. मग मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा: जांभळा रस भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो, पर्णरंध्रं मिटतात. जिवंत पेशीचं हे वागणं कुठल्याच पर्मनंट स्लाइडमध्ये मिळणार नाही.

दुकानदार सुट्या स्लाइड्स देत असेल, तर भोपळा आणि मका एवढ्याच घ्या. पूर्ण संच घेतलात, तर पैसे देण्याआधी मुळाच्या टोकाची स्लाइड भिंगाखाली तपासा. पेटी उन्हापासून दूर ठेवा, प्रकाशाने रंग फिके पडतात.